बेडकाचं डिसेक्शन कसं करायचं: पहिल्या कटाच्या आधीपासून ट्रे धुवून ठेवेपर्यंत

डिसेक्शनच्या प्रॅक्टिकलला बहुतेक मुलं एकच प्रश्न विचारतात, "कुठून कापायचं?" कुठून कापायचं ते दोन मिनिटांत सांगून होतं हो, खरं काम आहे ते दोन कटांच्या मधल्या वेळात. एक थर उचलला की थांबायचं, बघायचं, पेन्सिलने चित्र काढायचं आणि मगच पुढच्या थराला हात लावायचा. ट्रेमधला बेडूक एकदाच मिळतो, एखादी शीर तुटली की ती परत जोडता येत नाही. शिवाय तो एक जीव होता, त्यामुळे त्याच्यात बघण्यासारखं जेवढं आहे तेवढं सगळं बघून घेणं हे आपण त्याचं देणं लागतो असं मी अगदी मनापासून मानते. अर्ध्या तासात पोट फाडून, "झालं मॅडम" म्हणून मोकळं होणाऱ्यांना पाहिलं की फार वाईट वाटतं.

खाली लिहिलंय ते सगळं लॅबमध्ये मिळणाऱ्या प्रिझर्व्ह केलेल्या बेडकासाठी. जिवंत बेडूक पकडून आणायचा आणि कापायचा हा विचारसुद्धा नको. जगातल्या उभयचर प्राण्यांच्या साधारण ४१ टक्के जाती नामशेष व्हायच्या धोक्यात आहेत, बऱ्याच जातींना कायद्याने संरक्षण आहे आणि जिवंत बेडकाच्या अंगावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. बऱ्याच ठिकाणी आता खरा बेडूक देतच नाहीत, त्याऐवजी सॉफ्टवेअर किंवा मॉडेल किंवा सिंथेटिक बेडूक असतो. तसं असेल तरी बघायचा क्रम हाच ठेवा, काही अडत नाही. आणि ज्याला कापायचं नाहीये त्याने सर-मॅडमना आधीच सांगून ठेवावं, आणि बाकीच्यांनी त्याला अजिबात चिडवू नये. शेजारी बसून चित्रं काढणारा मुलगा कित्येकदा कापणाऱ्यापेक्षा जास्त शिकतो.

वास, हातमोजे आणि फॉर्मॅलिन

आधी सेफ्टी, कारण इथे लोक फार निष्काळजीपणा करतात. प्रिझर्व्ह केलेले बेडूक बहुतेक वेळा फॉर्मॅलिनमध्ये पक्के केलेले असतात, नंतर कधीकधी दुसऱ्या सौम्य द्रावणात ठेवतात. लॅबमध्ये ज्याला १० टक्के फॉर्मॅलिन म्हणतात त्यात फॉर्मल्डिहाइड असतं साधारण ४ टक्के, कारण मूळ बाटलीतलं फॉर्मॅलिनच ३७ ते ४० टक्क्यांचं असतं. चार टक्के कमी वाटतात पण डोळे आणि घसा झोंबायला तेवढे पुरतात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. घाबरायचं नाही, पण खिडक्या उघड्या ठेवायच्या, पंखे-एक्झॉस्ट चालू ठेवायचे आणि बेडूक बाहेर काढल्यावर वाहत्या पाण्याखाली नीट धुवायचा, तोंड उघडून आतसुद्धा. आदल्या दिवशी साध्या पाण्यात भिजत ठेवता आला तर उत्तमच, वास बराच कमी होतो.

हातमोजे, गॉगल, एप्रन हे तिन्ही पाहिजेतच. गॉगल हा शोभेचा नाही, कात्रीने पोट उघडताना आत साठलेलं द्रावण खरंच चिळकांडी उडून तोंडावर येतं. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी घालू नका, केस बांधा, ओढणी-टाय आत खोचा, ज्याला दम्याचा त्रास आहे त्याने आधीच सांगा. टेबलावर पाण्याची बाटली किंवा डबा ठेवायचा नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तर हिरो व्हायला जाऊ नका, हातातली कात्री खाली ठेवा, खाली बसा, बाहेर मोकळ्या हवेत जा. यात लाजण्यासारखं काहीच नाही आणि कितीतरी जणांना पहिल्यांदा होतं. बोट कापलंच तर ग्लोव्हज काढून वाहत्या पाण्याखाली धरा आणि लगेच सरांना दाखवा.

हत्यारं

लागतं काय तर मेण भरलेला डिसेक्शन ट्रे, टाचण्या, एक टोकदार बारीक कात्री, एक जाड मजबूत कात्री, एक-दोन चिमटे, बोथट प्रोब (बोथट टोकाची बारीक कांडी), सुई, ड्रॉपर आणि टिपायला कापूस किंवा टिश्यू. स्काल्पेल म्हणजे धारदार छोटी सुरी असतेच डब्यात पण माझं ऐका, ते जवळजवळ लागतच नाही. स्काल्पेलने खाली किती खोल गेलं ते कळत नाही, कात्रीचं पातं मात्र आपल्या डोळ्यासमोर असतं आणि वर उचलून कापता येतं. सगळ्यात जास्त वापर कशाचा होतो माहितीये का, बोथट प्रोबचा. अवयव एकमेकांपासून सोडवायला, बाजूला सारायला, खालचं दाखवायला तोच. जिथे प्रोबने काम भागतं तिथे कात्री लावायची नाही हा नियम डोक्यात पक्का ठेवा.

बाहेरून बघताना घाई नको

बेडूक आधी पालथा ठेवा. पाठ गडद आणि पोट फिकट हे लगेच दिसतं, पाण्यात वरून बघणाऱ्याला गडद पाठ तळाच्या रंगात मिसळते आणि खालून बघणाऱ्याला फिकट पोट उजेडात, म्हणून हे रंग. मान नाही, शेपूट नाही. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्या पायांना पाच आणि मधे पडदे. डोळ्याच्या खालच्या पापणीला चिमट्याने हलकेच वर ओढून बघा, तिला जोडलेलं पातळ पारदर्शक पटल दिसेल, ते निमेषक पटल. डोळ्याच्या मागे गोल चकती दिसते तो कानाचा पडदा, बाहेरचा कान बेडकाला नसतोच. तोंडाच्या टोकाला दोन नाकपुड्या आणि मागच्या दोन पायांच्या मधे, जरा पाठीच्या बाजूला, अवस्कराचं म्हणजे क्लोएकाचं तोंड. मल, मूत्र, अंडी किंवा शुक्राणू सगळं याच एका दारातून बाहेर जातं, हे लक्षात असू द्या कारण शेवटी आपण आतून इथेच येऊन पोचणार आहोत.

नर की मादी हे बाहेरून ओळखायचा प्रयत्न करा आणि अंदाज लिहून ठेवा, आत गेल्यावर पडताळता येतो. नराच्या पुढच्या पायाच्या आतल्या बोटाचं बूड बऱ्याचदा जाड, फुगीर असतं, मादीला धरून ठेवायला. बुलफ्रॉग असेल तर अजून सोपं, नराचा कानाचा पडदा डोळ्यापेक्षा बराच मोठा असतो, मादीचा साधारण डोळ्याएवढाच.

तोंडाच्या आत

हा भाग लोक अक्षरशः उडवून लावतात आणि व्हायव्हाला निम्मे प्रश्न इथलेच येतात. जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर कात्रीने छोटा कट द्या म्हणजे खालचा जबडा पूर्ण खाली येतो. जीभ बघा, ती आपल्यासारखी मागे चिकटलेली नसते, पुढे चिकटलेली आणि मागचं टोक मोकळं, म्हणूनच ती बाहेर भिरकावता येते. चिमट्याने मागचं टोक धरून बाहेर ओढून बघा, किती लांब येते ते. आता ग्लोव्ह घातलेलं बोट वरच्या जबड्याच्या कडेवरून फिरवा, बारीक खरखर लागते ते दात. खालच्या जबड्यात दात नसतात (बहुतेक सगळ्या बेडकांत). टाळूवर पुढच्या बाजूला अजून दोन खरखरीत उंचवटे असतात, तेही दातच. हे दात चावायला नाहीत, भक्ष्य निसटू नये म्हणून आहेत, बेडूक सगळं अख्खं गिळतो.

टाळूवर दोन मोठे फुगवटे दिसतील, ते डोळ्यांचे गोळे. बेडूक गिळताना डोळे आत ओढून घेतो आणि ते घास मागे ढकलायला मदत करतात. बाहेरून डोळा बोटाने हळूच दाबा आणि त्याच वेळी तोंडात बघा, फुगवटा खाली येताना दिसतो. मागच्या बाजूला जबड्याच्या कोपऱ्यांजवळ दोन भोकं असतात, कानाकडे जाणाऱ्या नळ्यांची. एकात प्रोब हलकेच सरकवा आणि बाहेरून कानाच्या पडद्याकडे बघा, पडदा हलताना दिसतो. हे मुलांना दाखवलं की पुढे कधी कान आणि घशाचा संबंध पाठ करावा लागत नाही.

घशात दोन वाटा. खालच्या बाजूला छोट्या उंचवट्यावर उभी बारीक चीर आहे ती श्वासाची वाट, तिच्या मागे मोठं सैल भोक ती अन्ननलिका. दोन्हीत आळीपाळीने प्रोब घालून कुठे जातो बघा. उभ्या चिरेत ड्रॉपर घालून फुगा दाबायचं काम आत्ता नको, छाती उघडल्यावर करू, तेव्हा मजा दिसेल.

कातडी

आता बेडूक उताणा ठेवा, चारही पाय ताणून तळव्यातून टाचण्या टोचा, टाचण्या बाहेरच्या बाजूला तिरक्या कललेल्या असू द्या म्हणजे हाताला अडत नाहीत आणि पाय सुटत नाहीत. इथे एक गोष्ट वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, बेडूक उताणा झाला की त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते. यापुढे डावं-उजवं म्हटलं की ते बेडकाचं.

मागच्या पायांच्या मधे पोटाची कातडी चिमट्याने वर उचला, तंबूसारखी, आणि तिथे कात्रीने बारीक छेद द्या. मग कात्रीचं एक पातं कातडीखाली सरकवून, टोक वरच्या दिशेला ठेवून, मधोमध हनुवटीपर्यंत कापत जा. पुढच्या आणि मागच्या पायांच्या पातळीवर दोन्हीकडे आडवे कट द्या. कातडी इतकी सहज सुटते की आश्चर्य वाटतं, कारण बेडकाची कातडी सगळीकडे खाली चिकटलेलीच नसते, मधे लिंफच्या, म्हणजे शरीरातल्या पाणचट द्रवाच्या, मोठ्या पिशव्या असतात. चिकटलेली असेल तिथे बोथट प्रोबने सोडवा.

कातडीचे दोन्ही पदर बाजूला टाचले की आतली बाजू उजेडात धरून बघा. रक्तवाहिन्यांचं जाळं दिसेल, आणि इंजेक्ट केलेला, म्हणजे रक्तवाहिन्यांत रंगीत लॅटेक्स भरलेला नमुना असेल (रोहिण्या लाल, शिरा निळ्या) तर फारच छान. कातडीला एवढं रक्त कशाला, तर बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. याला जोडलेली रक्तवाहिनी आपण हृदयाजवळ बघणार आहोत, तेव्हा हे चित्र विसरू नका.

पोटाची भिंत आणि ती एक शीर

सगळ्यात जास्त गडबड होते ती इथे. पोटाच्या स्नायूंवर मधोमध एक पांढरी रेघ दिसते आणि तिच्या आतून गडद रेघ जाते ती पोटावरची मोठी शीर. प्रिझर्व्ह केलेल्या बेडकातसुद्धा ती तुटली की आतलं गोठलेलं काळसर रक्त नाहीतर निळं लॅटेक्स सगळीकडे पसरतं आणि मग पुढचा तासभर काही नीट दिसत नाही. म्हणून कट मधोमध द्यायचा नाही, मधल्या रेघेपासून साधारण अर्धा सेंटिमीटर बाजूला द्यायचा. स्नायू चिमट्याने वर उचला, छोटा छेद, मग कात्री जवळजवळ आडवी ठेवून टोक वर करून पुढे चला. खालचं पातं प्रत्येक वेळी दिसलं पाहिजे, दिसत नसेल तर थांबा.

छातीपाशी आलं की कात्रीला काहीतरी कडक लागतं, तो छातीचा सांगाडा. इथे जाड कात्री घ्या. पातं हाडाखाली फक्त जेवढं लागतं तेवढंच घाला आणि वर उचलत कापा, कारण बरोबर खाली हृदय आहे, एक-दोन मिलिमीटरचं अंतर. जोर लावताना कात्रीचं टोक खाली गेलं की हृदयाला भोक पडलंच म्हणून समजा. बेडकाला बरगड्या नसतात, त्यामुळे एवढा एक अडथळा पार केला की पुढे मोकळं. मग स्नायूंनाही कातडीसारखेच आडवे कट देऊन पदर बाजूला टाचा, मधली शीर जिथे भिंतीला चिकटलीये तिथे प्रोबने सोडवून घ्या, ती वर यकृतात जाते तेही बघा.

उघडल्यावर आधी हात मागे

आता पाच मिनिटं काही करायचं नाही. फक्त बघायचं आणि जसं आहे तसं चित्र काढायचं, कारण एकदा अवयव हलवले की मूळ जागा गेली. वर छातीत हृदय, त्याला अर्धवट झाकणारं मोठं तपकिरी यकृत, डाव्या बाजूला जठराचा वाकलेला भाग, खाली आतड्याची वेटोळी आणि मधूनच डोकावणारे पिवळे-केशरी, बोटांसारखे फाटे असलेले पुंजके. ते मेदपिंड, म्हणजे साठवलेली चरबी, खायला मिळत नाही त्या काळासाठी आणि प्रजननासाठी. ऋतूप्रमाणे त्यांचा आकार बदलतो, काही बेडकांत खूप मोठे असतात तर काहींत शोधावे लागतात.

मादी असेल आणि अंडी भरलेली असतील तर वरचं काहीच दिसणार नाही, सगळीकडे काळी-पांढरी अंडीच अंडी. गोंधळून जाऊ नका. एका बाजूचं अंडाशय हलकेच उचला, ते ज्या पातळ पडद्याने मूत्रपिंडाजवळ बांधलेलं असतं तो पडदा कापा आणि अख्खं अंडाशय बाहेर काढून पाण्याच्या वाटीत ठेवा. दुसरं राहू द्या. अंडं भिंगाखाली बघा, एक अर्ध गडद आणि एक फिकट असतं. अंड्यांच्या बाजूला पांढरी जाड गुंडाळी दिसेल ती अंडनलिका, आणि दरवर्षी कोणीतरी तिला आतडं समजून लेबल करतंच. ओळखायचं कसं, तर आतडं जठराला जोडलेलं असतं आणि अंडनलिका जात नाही जठराकडे, ती वर फुफ्फुसाच्या बुडाशी नरसाळ्यासारख्या तोंडाने सुरू होते.

हृदय

हृदयाभोवती पातळ पारदर्शक पिशवी असते, चिमट्याने तिची चुण उचलून अगदी टोकाने कापा. मग तीन कप्पे दिसतात, वर दोन पातळ गडद अलिंद आणि खाली जाड फिकट शंकूसारखं एकच निलय. निलयातून एक जाड नळी तिरकी वर जाते आणि दोन फांद्यांत फुटते, प्रत्येक फांदीला पुढे तीन कमानी. पहिली डोक्याकडे, दुसरी शरीराकडे आणि तिसरी फुफ्फुस आणि कातडी दोघांकडे. हीच ती, कातडीच्या आतल्या जाळ्याला रक्त पुरवणारी. आता निलयाचं टोक प्रोबने वर उचला, मागच्या बाजूला पातळ त्रिकोणी पिशवी दिसेल, शरीरातून परत आलेलं रक्त आधी तिथे जमतं आणि मग उजव्या अलिंदात जातं. पुस्तकातल्या समोरून काढलेल्या चित्रात ही दिसत नाही, त्यामुळे मुलांना ती नसतेच असं वाटतं.

निलय एकच म्हणजे शुद्ध-अशुद्ध रक्त पूर्ण मिसळतं असं सरसकट लिहू नका. मिसळतं पण पुष्कळ कमी, आतल्या स्नायूंच्या घड्या आणि बाहेर जाणाऱ्या नळीतली वळणदार झडप दोन प्रवाह बरेचसे वेगळे ठेवतात. शेवटी वेळ उरला तर निलय उभं कापून आतल्या घड्या बघा.

एवढ्याशा हृदयाने शास्त्राला काय दिलंय ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाचं हृदय द्रावणात धडधडतं ठेवलं, त्याची नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतू) उत्तेजित करून ते मंद केलं आणि त्याच्या भोवतालचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर दुसरं हृदयही मंद झालं. म्हणजे नस अवयवाला जो निरोप देते तो रसायनातून जातो. त्यांना १९३६ चं नोबेल मिळालं, हेन्री डेल यांच्यासोबत.

फुफ्फुस आणि यकृत

यकृत थोडं खाली सारलं की हृदयाच्या दोन्ही बाजूंना मागे दोन आकसलेल्या पिशव्या दिसतात. आता मघाचा ड्रॉपर घ्या, तोंडातून त्या उभ्या चिरेत टोक बसवा, कडा बोटाने दाबून धरा आणि हळूहळू हवा सोडा. फुफ्फुस फुगतं! नमुना फार कडक झाला नसेल तर दोन्ही फुगतात. फुगलेल्या भिंतीवर जाळीसारखे छोटे कप्पे दिसतात. १६६१ मध्ये मार्चेलो मालपिगी यांनी बेडकाच्या फुफ्फुसातच सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या, रोहिणीतून शिरेत रक्त कसं जातं हे कोडं तिथे सुटलं. बेडकाला छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा नसतो, बरगड्या नाहीत हे आधीच बघितलं, मग हवा आत कशी जाते? तोंडाची खालची बाजू वरखाली करून तो हवा ढकलतो. म्हणजे तुम्ही ड्रॉपरने जे केलंत तेच.

यकृताच्या पाळ्या वर उचला, मधे हिरवट गोल पिशवी दिसते ते पित्ताशय. दाबू नका, फुटलं तर आजूबाजूला हिरवा डाग पसरतो.

अन्नमार्ग

अन्ननलिका आखूड, मग जठर, जठराच्या शेवटी आकुंचलेला भाग, मग लहान आतडं. जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग यांच्यामधल्या वळणात फिकट, अनियमित पट्टी असते ते स्वादुपिंड, आणि तो चरबीचा तुकडा समजून काढून टाकला जाणारा नंबर एकचा अवयव आहे. फिकट पिवळसर आणि वळणातच बसलेलं असेल तर हात लावू नका. आतडं एका बाजूला पसरवलं की ते धरून ठेवणारा पातळ पडदा पंख्यासारखा उघडतो, त्यात रक्तवाहिन्या आणि एक गडद लाल गोल गोळी, ती प्लीहा. ती अन्नमार्गाचा भाग नाही, फक्त तिथे राहते. शेवटी मोठं आतडं रुंद होऊन अवस्करात जातं.

सगळं बघून, काढून झाल्यावर मग जठर बाहेरच्या वळणावरून उभं कापा आणि आतलं पाण्यात धुवून पांढऱ्या कागदावर पसरा. बऱ्याचदा कीटकांचे पाय, पंखांच्या टोप्या, कधी अख्खा किडा मिळतो, न चावलेला, कारण दात चावायचे नव्हतेच. काय सापडलं ते जर्नलमध्ये जरूर लिहा, हा तुमचा स्वतःचा पुरावा, कोणाच्या वहीतून उतरवता येत नाही. जठराच्या आतल्या लांब घड्या बोटाने बघा. मग जठराच्या वर कट देऊन, पडदा आतड्याच्या अगदी जवळून कापत आतडं सरळ करा आणि त्याची लांबी बेडकाच्या धडाच्या लांबीशी ताडून बघा. टॅडपोल म्हणजे बेडकाचं पाण्यातलं शेपटीवालं पिल्लू बहुतांश शेवाळ-वनस्पती खातो त्यामुळे त्याचं आतडं खूप लांब वेटोळ्यांचं असतं, बेडूक होताना ते आखडतं. मोठं आतडं मात्र अवस्कराला जोडलेलंच राहू द्या.

पाठीलगतचं सामान

अन्नमार्ग आणि यकृत काढलं की मागची भिंत मोकळी होते. मणक्याच्या दोन्ही बाजूंना लांबट, चपटी, लालसर तपकिरी मूत्रपिंडं, त्यांच्या पोटाकडच्या बाजूवर पिवळसर बारीक पट्टा दिसेल ती ॲड्रिनल ग्रंथी, नीट उजेड पाडून बघा नाहीतर सुटते. नर असेल तर मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकाशी फिकट पिवळी लांबट गोल वृषणं. नरात शुक्राणू मूत्रपिंडातून जाऊन मूत्रवाहिनीतूनच बाहेर जातात, मादीत अंड्यांची वाट वेगळी. काही जातींच्या नरांत अंडनलिकेचा बारीक अवशेषसुद्धा दिसतो, तो बघून "आमचा बेडूक मादी पण आहे आणि नर पण" असं घाबरून सांगायला येऊ नका.

मूत्राशय शोधायला सगळ्यांना त्रास होतो कारण ते रिकामं असताना ओल्या प्लास्टिकच्या चिमूटभर तुकड्यासारखं दिसतं. अवस्कराच्या पोटाकडच्या बाजूला बघा, ड्रॉपरने थोडं पाणी सोडलं की ते तरंगून उलगडतं आणि दोन पाळ्या दिसतात. मूत्रवाहिन्या त्याला थेट जोडलेल्या नसतात, त्या अवस्करात उघडतात आणि मूत्र तिथून मूत्राशयात जातं.

आता इथून पुढे शेजारच्या ट्रेकडे जा. तुमचा नर असेल तर त्यांची मादी बघा, त्यांना तुमचा दाखवा. एका बेडकात दोन्ही दिसणार नाहीत, म्हणून दोन ग्रुपनी अदलाबदल करून चित्रं काढायची.

नसा, पाय आणि जमलं तर मेंदू

मणक्यातून पांढरे चकचकीत दोरे निघून मागच्या पायांकडे जाताना दिसतील, त्या नसा. सातवी, आठवी, नववी एकत्र येऊन मांडीची जाड नस बनते. मांडीच्या मागच्या बाजूला स्नायू प्रोबने वेगळे करत गेलात तर तीच नस आत लपलेली सापडते, अगदी पोटरीपर्यंत तिचा माग काढा. लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांचे आणि विजेचे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले ते याच नसेवर आणि याच स्नायूंवर.

पायाची कातडी मोज्यासारखी ओढून काढता येते. पोटरीचा फुगीर स्नायू आणि टाचेकडे जाणारा त्याचा पांढरा पट्टा मोकळा करा, पट्टा चिमट्याने वर ओढा, पाऊल सरळ होतं. उडी कशी बसते ते हातात कळतं. गुडघ्याखाली दोन हाडं शोधू नका, बेडकात ती जुळून एकच झालेली असतात, पुढच्या हातातही तसंच.

मेंदू काढणं नाजूक काम, वेळ असेल तरच. बेडूक पालथा करून डोक्यावरची कातडी काढा आणि डोळ्यांच्या मधलं कवटीचं हाड चिमट्याने कणाकणाने उचलत जा, कात्री खुपसायची नाही. पुढे वासाचे भाग, मग मोठे मेंदूचे गोलार्ध, मग ठळक गोल दृष्टीचे गोळे, त्यामागे अनुमस्तिष्क म्हणजे छोटा मेंदू, तो फक्त एक अरुंद पट्टी. एका जागी बसून हलणारी वस्तू टिपणाऱ्या प्राण्याच्या मेंदूत दृष्टीचा भाग एवढा मोठा असणारच.

आवरताना

प्रॅक्टिकल दोन दिवसांत विभागलं असेल तर टाचण्या काढून बेडूक ओल्या कापडात गुंडाळा, पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, ग्रुपचं नाव लिहा. वाळला की सगळं चामड्यासारखं होतं आणि पुढे काही सुटत नाही. काम चालू असतानाही अधूनमधून पाणी शिंपडत राहा.

चित्रं टोकदार पेन्सिलनेच, शेडिंग नको, लेबलच्या रेघा आडव्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या, आणि जे दिसलं तेच काढायचं. तुमच्या बेडकात मेदपिंड बारीक असतील तर बारीकच काढा, पुस्तकात मोठे आहेत म्हणून मोठे काढू नका. काही सापडलंच नाही तर "दिसलं नाही" असं लिहा, चांगला परीक्षक त्याचे मार्क कापत नाही.

उरलेलं सगळं लॅबने ठरवलेल्या बंद डब्यात जातं, सिंकमध्ये किंवा साध्या कचऱ्यात अजिबात नाही, आणि सुटी ब्लेड असतील तर ती वेगळ्या डब्यात. टाचण्या मोजून परत करा, मेणात अडकलेली एखादी पुढच्या बॅचच्या बोटात घुसते. ट्रे आणि हत्यारं साबणाने धुवून पुसा, कात्री ओली ठेवली की गंजते. टेबल पुसून झाल्यावर सगळ्यात शेवटी ग्लोव्हज काढायचे, आतली बाजू बाहेर येईल असे, मग कोपरापर्यंत साबणाने हात, आणि एप्रन घरी गेल्यावर बाकीच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवायचा.